आईचंही दुसरं लग्न, बापाचंही दुसरं लग्न: लेकराच्या खावटीचं काय?

स्वयंसेवक_पुसद यांचा प्रश्न

नमस्कार. तालुका विधी सेवा समितीचा विधी स्वयंसेवक आहे. एका कुटुंबासाठी विचारतोय, नावगाव देत नाही.

नवराबायकोचा घटस्फोट कोर्टातूनच २०२१ मध्ये झाला. २०२२ मध्ये खावटीचा (पोटगीचा) हुकूम झाला, बाईला महिना २,५०० आणि मुलाला २,०००. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. बापाचं चार एकर कोरडवाहू वावर आहे, वरून तीन एकर मक्त्यानं (भाड्यानं) करतो. त्यानं २०२३ मध्ये दुसरं लग्न केलं, त्या घरी आता एक मुलगी आहे. इकडे बाईचंही लग्न ठरलंय, वाशीम जिल्ह्यात. मुलाची शाळा मोडू नये म्हणून तो आजोळी आजीजवळ राहणार.

लग्न ठरल्याचं कळल्यापासून, म्हणजे मार्चपासून, बापानं पैसे बंद केले. म्हणतो, "तिनं दुसरं घर केलं, माझा संबंध संपला. अन् मले बी आता दुसरं लेकरू हाय." मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मुलाची रक्कम बंद होते का? बापाच्या नव्या संसारामुळे ती कमी होते का? आणि आजीनं पैसे कोणत्या कागदावर घ्यायचे?

---

वकील_यवतमाळ

सगळ्यात आधी हुकुमाची नक्कल काढा आणि शेवटचा परिच्छेद वाचा. "अर्जदार क्रमांक १ ला दरमहा २,५०० व अर्जदार क्रमांक २ ला दरमहा २,०००" असं वेगवेगळं लिहिलेलं असेल तर बापाचं म्हणणं तिथेच संपतं. "दोघांना मिळून ४,५००" असं असेल तर मात्र बाईचं लग्न लागायच्या आधीच रकमेची फोड करून मागणारा अर्ज टाका. लग्नानंतर ही फोड मागायला गेलात की समोरचा वकील पूर्ण हुकूमच रद्द मागतो आणि मुलाचा वाटा किती होता यावरच चार पेशी जातात.

कायद्याचे आकडे बदललेत, ते लक्षात घ्या. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं कलम १२५ आता १४४ आहे, रक्कम वाढवण्या-घटवण्याचं १२७ आता १४६, आणि अंमलबजावणीचं १२८ आता १४७. २०२२ चा हुकूम जुन्या कलमाखाली झाला म्हणून तो बाद होत नाही.

घटस्फोटित बाईनं पुन्हा लग्न केलं तर तिच्या वाट्याचा हुकूम कोर्ट त्या लग्नाच्या तारखेपासून रद्द करतं, हे कलम १४६ मध्ये स्पष्ट आहे. त्यात फक्त तिचे २,५०० येतात. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंतची तिची थकबाकीसुद्धा देणं लागतंच, ती माफ होत नाही. लग्न नुसतं ठरलं म्हणून मार्चपासून तिचे पैसे बंद करण्याचा अधिकार त्याला नव्हताच.

मुलाचे २,००० हे तो त्याचा मुलगा आहे म्हणून आहेत, ती त्याची बायको होती म्हणून नाहीत. आईनं लग्न केलं, बापानं केलं, दोघांनी केलं, तरी बाप बापच राहतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार आई आणि बाप दोघांवरही लेकरांना पोसण्याची जबाबदारी आहे, आणि त्यात "पुन्हा लग्न होईपर्यंत" अशी मुदत कुठेही नाही. सावत्र बापावर ही जबाबदारी कायदा टाकत नाही. म्हणून वाशीमच्या नवऱ्याची नोकरी काय, वावर किती, हे दाखवून पहिल्या बापाला सुटता येत नाही.

आता त्याच्या दुसऱ्या लेकराबद्दल. इथे त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. कल्याण डे चौधरी विरुद्ध रीटा डे चौधरी या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बायको आणि मुलाची मिळून २३,००० रुपयांची रक्कम २०,००० वर आणली. कारण नवऱ्याचं दुसरं लग्न झालं होतं आणि त्यापासून मूल होतं. म्हणजे नवं मूल ही बदललेली परिस्थिती म्हणून कोर्ट विचारात घेतं. पण त्या निकालात रक्कम शून्य झाली नाही, थोडी खाली आली, आणि तीही कोर्टानं आणली, नवऱ्यानं नव्हे. कमी करून हवी असेल तर बापानं त्याच कोर्टात कलम १४६ खाली अर्ज करायचा. त्यासोबत मुलीचा जन्मदाखला, लग्नाचा पुरावा आणि उत्पन्नाचं शपथपत्र जोडायचं. अर्जावर हुकूम होईपर्यंत जुनी रक्कम जशीच्या तशी चालू असते. मनानं बंद केलेला प्रत्येक महिना थकबाकीत बसतो.

कोर्ट काय मोजतं आणि काय मोजत नाही, हेही त्याला सांगून ठेवा. स्वतःची नवी मुलगी मोजतं. त्याच्यावर अवलंबून असलेले म्हातारे मायबाप मोजतं. दुसऱ्या बायकोनं आधीच्या घरून आणलेलं लेकरू मोजण्याचं कारण नाही, त्याचा बाप वेगळा आहे. दुसऱ्या लग्नासाठी काढलेलं कर्ज, मोटरसायकलचा हप्ता, नव्या घराची स्लॅब, हे स्वतःहून ओढवून घेतलेले खर्च आहेत, ते पहिल्या मुलाच्या ताटातून वजा होत नाहीत.

---

कास्तकार_दारव्हा

पण पगाराच्या २५ टक्के असा नियम आहे ना? मग दोन घरं झाली की साडेबारा-साडेबारा होणार.

---

वकील_यवतमाळ

असा नियम कायद्यात नाही. वर सांगितलेल्याच २०१७ च्या निकालात निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा बायकोसाठी योग्य ठरेल असं म्हटलंय. तिथला नवरा पगारदार होता. कोर्टं तो आकडा अंदाजासाठी वापरतात, पण कास्तकारीला तो सरळ लागू होत नाही, आणि दोन घरांत अर्धा-अर्धा करण्याचा तर प्रश्नच नाही. मुलाची गरज किती, आईची कमाई किती आणि बापाची ऐपत किती, या तीन गोष्टींवर रक्कम ठरते.

आईची कमाई मी मुद्दाम लिहिली. आई स्वतः कमावती असेल तर तिचाही वाटा धरला जातो. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या २००० च्या निकालात मुलांचा खर्च दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात वाटून दिला होता. पण यात तिची स्वतःची कमाई धरतात, नव्या नवऱ्याची नव्हे.

---

सातबारा_अकोला

ऐपतीचा मुद्दा निघालाच आहे तर तो नीट बघा, कारण खेड्यातल्या खावटीच्या केसेस इथेच हरतात किंवा जिंकतात. बाप कोर्टात म्हणतो "कोरडवाहू आहे, काही पिकत नाही", आई म्हणते "सात एकर करतो", आणि कोणाजवळच कागद नसतो. मग कोर्ट अंदाजानं एक आकडा टाकून देतं.

रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावंच लागतं. शहरी माणसाचा नमुना वेगळा आहे आणि कास्तकारासाठी वेगळा नमुना निकालाच्या जोडपत्रात दिलाय. मात्र टायपिंगच्या दुकानातून बहुतेकदा पगारदाराचाच नमुना छापून आणतात. त्यात "मासिक पगार: निरंक" असं लिहिलं की बाप मोकळा. म्हणून नमुना आधी तपासा. कास्तकाराच्या नमुन्यात जमीन किती व कुठे, ओलिताची की कोरडवाहू, कोणतं पीक, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, दुसऱ्याची जमीन मक्त्यानं किंवा बटईनं केली का, ढोरं-शेळ्या-कोंबड्या किती, किसान क्रेडिट कार्ड किंवा दुसरं कर्ज, असं सगळं विचारलेलं असतं. खोटं लिहिलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली खोट्या शपथपत्राची कारवाई मागता येते.

त्याच्या बाजूचं शपथपत्र येईल तेव्हा येईल. तुमच्या बाजूनं आधीच जमवायचं ते असं. त्याचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतो. सातबाऱ्यावर पीक पेऱ्याचे मागच्या तीन हंगामांचे उतारे घ्या. मक्त्याची जमीन त्याच्या सातबाऱ्यावर दिसणार नाही, कारण आपल्याकडे मक्ता बहुधा तोंडीच असतो. मूळ मालकाचा सातबारा काढा आणि ती जमीन याच्याकडे असल्याचं मालकाचं किंवा शेजारच्या कास्तकाराचं शपथपत्र घ्या. कापूस कुठे घातला ते शोधा. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) घातला असेल तर चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येतो. खाजगी जिनिंगला किंवा खेडा खरेदीत विकला असेल तर कागद मिळणं कठीण जातं, पण बाजार समितीत तूर-सोयाबीन नेलं असेल तर काटापट्टी निघते. त्याचं बँक खातं तुम्हाला मिळणार नाही, पण तीन वर्षांचा खातेउतारा हजर करायला लावा असा अर्ज कोर्टात देता येतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,०००, हेही त्याच उताऱ्यात दिसतात.

हिशेब कसा मांडायचा याचं एक उदाहरण देतो. समजा चार एकरांत एकरी सहा क्विंटल कापूस धरला, तर २४ क्विंटल झाला. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये, म्हणजे ढोबळ १,८५,००० रुपये. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी वजा करा. वेचणी किलोला १० रुपये धरली तरी एकटी २४,००० होते. सगळा खर्च निम्म्याच्या आसपास धरला तर ९०,००० ते ९५,००० उरतात, महिन्याला साडेसात ते आठ हजार. मक्त्याच्या तीन एकरांचा मक्ता वजा जाता काय उरतं ते वेगळं, आंतरपिकाची तूर वेगळी, शेळ्या आणि उन्हाळ्यातली मजुरी वेगळी. असा कागद कोर्टापुढे ठेवला की २,००० ही रक्कम त्याला झेपणारी आहे हे सहज दिसतं. बोंडअळीनं किंवा अतिवृष्टीनं खरंच पीक गेलं असेल तर पंचनामा आणि अनुदानाची नोंद असते, तेही लपवू नका. प्रामाणिक हिशेबावर कोर्टाचा विश्वास बसतो.

आणि "काहीच पिकत नाही" हे टोकाचं उत्तर चालत नाही. अंजू गर्ग विरुद्ध दीपक गर्ग या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की धडधाकट माणसानं अंगमेहनत करून का होईना, बायको आणि अज्ञान (अठराच्या आतल्या) मुलांना पोसलं पाहिजे.

बापाची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मांडायला हवी. हुकूम महिन्याचा असतो, पण कास्तकाराच्या हाती पैसा दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत येतो. जून ते सप्टेंबर घरातला पैसा वावरात जातो आणि नेमकी तेव्हाच थकबाकी चढते. कापूस विकला की सहा-आठ महिन्यांची रक्कम आगाऊ भरायची आणि त्याची पुरसिस (लेखी निवेदन) कोर्टात द्यायची, अशी तडजोड दोन्ही बाजूंना सोयीची असते. लोकअदालतीत हे सहज लिहून घेता येतं.

---

स्वयंसेवक_पुसद

हुकूम बघितला. रकमा वेगवेगळ्याच लिहिल्यात, चिंता मिटली. आता मार्चपासूनची वसुली कशी करायची? आणि बाप म्हणतो मधे त्यानं शाळेची बॅग, दोन ड्रेस आणि जत्रेत हाती ५०० रुपये दिले, ते वजा करा.

---

नाझर_वाशीम

बॅग, कपडे आणि हातात दिलेले पैसे खावटीत धरले जात नाहीत. हुकूम रकमेचा आहे, तर रक्कमच दिसली पाहिजे. म्हणून जे बाप खरंच देतात त्यांनाही सांगतो की हातात देऊ नका. बँकेत टाका, किंवा फोनवरून पाठवताना शेऱ्यात "खावटी, जून" एवढं लिहा. आई घेत नसेल तर कोर्टात नाझराकडे (पैसे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) जमा करा आणि पावती जपून ठेवा. रोख दिल्याचं तोंडी सांगणारा बाप कितीही खरा असला तरी कोर्टाला त्याचा उपयोग नाही.

वसुलीत सगळ्यात मोठा घात मुदतीचा होतो. कलम १४४ च्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. मार्चचे पैसे मार्चमध्ये देय झाले, तर पुढच्या मार्चच्या आत अर्ज पाहिजे. "थांबा, दोन वर्षांचं मिळून एकदमच टाकू" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, जुने महिने या मार्गानं हातचे जातात. शिवाय एका अर्जात पुढे चढणारी थकबाकी आपोआप बसत नाही. दर आठ-दहा महिन्यांनी नवा अर्ज टाकायची सवय ठेवा.

अर्जासोबत हुकुमाची प्रमाणित नक्कल लागते. ही नक्कल ज्याच्या बाजूनं हुकूम झाला त्याला किंवा त्याच्या पालकाला फुकट द्यायची असं कलम १४७ मध्ये आहे, तिच्यासाठी पैसे मोजू नका. महिन्यानुसार तक्ता जोडा: महिना, मुलाची देय रक्कम, आईची देय रक्कम, मिळालेली, बाकी. मुलाचा आणि आईचा रकाना वेगळा ठेवा. आईच्या लग्नाची तारीख आली की तिचा रकाना तिथेच बंद करा आणि तसं अर्जात स्वतःहून लिहा. लग्न लपवून तिच्या नावची रक्कम मागत राहिलं आणि ते उघड झालं तर बाईच्या शब्दावरचा विश्वास जातो, आणि त्याची झळ मुलाच्या अर्जालाही लागते. हे फार वाईट होतं, कारण मुलाचा त्यात काही दोष नसतो.

नोटीस बजावल्यावरही भरलं नाही तर कोर्ट दंडासारखी वसुली करतं. त्यात जंगम मालाची जप्ती येते किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली येते. तरीही नाही तर कैद, एक महिन्यापर्यंत किंवा त्याआधी पैसे भरेपर्यंत. आणि आत बसून आलं म्हणजे पैसे फिटले असं नाही. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे साफ केलंय: कैद हा वसुलीसाठी टाकलेला दबाव आहे, त्यानं देणं फिटत नाही.

बाप कामासाठी पुण्याला किंवा सुरतेला गेला असेल तर? तो जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही हा हुकूम बजावता येतो. त्यासाठी त्याचा सध्याचा पत्ता लागतो. समन्स "घर बंद" शेऱ्यानं परत येणं हेच या केसेस लांबण्याचं मोठं कारण आहे. पत्त्यात गाव, वार्ड, घरासमोरची खूण आणि मोबाइल नंबर सगळं लिहा, आणि बेलीफासोबत ओळख पटवायला गावातला एक माणूस द्या.

बाप जिल्हा परिषदेचा शिक्षक किंवा एसटीचा कर्मचारी असता तर काम सोपं होतं. दिवाणी हुकुमाच्या वसुलीत पगारावर थेट जप्ती लावता येते आणि खावटीच्या हुकुमात फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो.

---

वकील_यवतमाळ

नाझर साहेबांच्या मुद्द्यात एक जोडतो. बाप वावर दुसऱ्या बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून देईल अशी भीती गावात नेहमी असते आणि ती खोटी नाही. पोटगीचा हक्क बुडवण्यासाठी फुकट दिलेल्या जमिनीविरुद्धही तो हक्क चालवता येतो, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३९ मध्ये ती सोय आहे. तशी चाहूल लागली तर मनाई मागा आणि जमिनीवर बोजा चढवून मागा, म्हणजे सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद येते. वडिलोपार्जित जमिनीतला मुलाचा जन्मसिद्ध हिस्सा वेगळाच आहे. दुसऱ्या लग्नानं तोही जात नाही, आणि खावटी घेतली म्हणून तो सोडला असंही होत नाही.

---

पालकत्व_अमरावती

आजीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

आई लग्न करून गेली तरी ती मुलाची पालक राहते. तिच्या लग्नामुळे ताबा आपोआप बापाकडे जात नाही. पण खावटीचा अर्ज टाकला की बापाचा उलट अर्ज बहुधा येतोच: "आई गेली, पोरगा मला द्या." त्यावर कोर्ट मुलाचं हित बघतं. आजीकडे शाळा जवळ आहे, मुलगा तिथे रुळलाय, बापानं महिन्यांमागून महिने पैसे दिले नाहीत आणि भेटायलाही आला नाही, हे सगळं कागदावर आणा. शाळेचा हजेरीचा दाखला, मुख्याध्यापकांचं पत्र आणि आरोग्य कार्ड एवढं तरी ठेवा. एक नीट सांगून ठेवा: बापाला भेटू दिलं नाही म्हणून त्याला खावटी थांबवता येत नाही, आणि खावटी दिली नाही म्हणून आजीनं भेट बंद करायची नाही.

पैशासाठी मुलाच्या नावानं बँकेत किंवा पोस्टात अज्ञान खातं उघडा, पालक म्हणून आईचं नाव ठेवा, आणि "यापुढील रक्कम या खात्यात जमा व्हावी" अशी पुरसिस कोर्टात द्या. आईच्या जुन्या खात्यावर पैसे चालू ठेवू नका. लग्नानंतर आधारवर नाव बदललं की केवायसी अडतं आणि "मी तर भरले" असं म्हणायला बाप मोकळा होतो. रोजचा खर्च आजी करणार असेल तर आईनं तसं संमतीचं शपथपत्र द्यावं. आई दूर गेल्यावर पेशीला येऊ शकणार नसेल तर आजीला "निकट मित्र" (अज्ञान मुलाच्या वतीनं केस चालवणारी व्यक्ती) म्हणून उभं राहू देण्याचा अर्ज द्या. मुलगा कायमचाच आजीकडे राहणार असेल तर पालक व पाल्य कायदा, १८९० खाली आजीच्या पालकत्वाचा अर्ज मुलगा राहतो त्या जिल्ह्याच्या कोर्टात करावा. वेळ लागतो, पण नंतर शाळा, बँक, दवाखाना कुठेच अडत नाही.

नव्या घरचे कधीकधी म्हणतात की शाळेत आमचं आडनाव लावा. आडनाव लावलं म्हणून पहिल्या बापाची जबाबदारी जात नाही. दत्तकविधान झालं तर मात्र जाते. सावत्र बापानं रीतसर दत्तक घेतलं की जुन्या बापाचा खावटीचा संबंध तुटतो. त्यासाठी पहिल्या बापाची संमती लागते आणि दत्तकाचा हुकूम २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. खावटी टाळायला उत्सुक असलेला बाप ही संमती आनंदानं देतो, म्हणून आईनं सही करायच्या आधी नव्या नवऱ्याची खरी तयारी बघावी. नोटरीच्या कागदावर "मुलगा आम्ही सांभाळू, खावटी नको" असं लिहून देणं हे दत्तक नाही, आणि मुलाचा हक्क आईला असा सोडूनही देता येत नाही. एकरकमी घेऊन तडजोड झाली असेल तरी मुलाच्या नावानं नंतर अर्ज चालतो. मुलासाठी मुदत ठेव वगैरे ठेवली असेल तर तिचा विचार होतो, इतकंच.

आणखी एक सोय सांगते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा, तो पुढे बालकल्याण समितीपुढे जातो. ती सरकारची मदत आहे, बापाच्या रकमेतून ती वजा होत नाही.

---

कास्तकार_दारव्हा

आमच्या गावात एकाची फारकती पंचांसमोर स्टॅम्पवर झाली आहे, कोर्टात नाही. तिथे पण हेच लागू का?

---

वकील_यवतमाळ

लेकरापुरतं हेच लागू आहे. ज्या समाजात अशा सोडचिठ्ठीची रूढी सिद्ध करता येते तिथेच ती कायद्यानं टिकते. रूढी नसेल तर स्टॅम्पवरची फारकती म्हणजे घटस्फोट नव्हे, आणि त्यावर केलेलं दुसरं लग्न बेकायदेशीर ठरतं. मोठ्यांच्या भानगडी त्यातून बऱ्याच होतात. पण त्या दुसऱ्या लग्नातलं लेकरूही कायद्यानं औरस धरलं जातं आणि पहिल्या लग्नातल्या लेकराचा हक्क तर अबाधितच असतो. दोघांनाही बापाकडून खावटी मागता येते.

मुस्लिम कुटुंबातही मुलांची खावटी आईच्या हक्कापासून वेगळीच धरतात. नूर सबा खातून विरुद्ध मोहम्मद कासिम या १९९७ च्या निकालानं ते पक्कं केलंय.

---

स्वयंसेवक_पुसद

पुढे मुलगा अठरा वर्षांचा झाला की? आणि या सगळ्याला वकिलाची फी किती धरायची?

---

पालकत्व_अमरावती

मुलगा असेल तर हक्क साधारण अठरापर्यंत. त्यानंतर तो शारीरिक किंवा मानसिक कारणानं स्वतःला पोसू शकत नसेल तरच पुढे चालतो. म्हणून तडजोड करताना बारावीनंतरच्या आयटीआय, डिप्लोमाचा खर्च बाप देईल असं स्पष्ट लिहून घ्या. मुलगी असेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली ती लग्न होईपर्यंत आणि स्वतःला पोसू शकत नसेल तर मागू शकते. अभिलाषा विरुद्ध प्रकाश हा २०२० चा निकाल त्यावरच आहे, मात्र तो मार्ग दंडाधिकाऱ्याकडचा नाही, दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयाचा आहे.

नऊ वर्षांच्या मुलासाठी २,००० वर थांबूही नका. हुकूम २०२२ चा आहे, तेव्हा मुलगा लहान होता. वह्या-पुस्तकं, शिकवणी, एसटीचा पास, दवाखाना यांचा महिन्याचा तक्ता पावत्यांसह जोडून कलम १४६ खालीच वाढ मागता येते. बापानं कमी करून मागितलं तर तुमचा वाढीचा अर्ज सोबत चालू असलेला बरा.

फीचा प्रश्न इथे येतच नाही. बाई आणि मूल यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तुमच्याच समितीतून. आईचा आणि मुलाचा अर्ज वेगवेगळा भरा आणि मुलाच्या अर्जावर आजीची सही घ्या. समितीत कोणी भेटत नसेल तर १५१०० वर फोन करा.

---

स्वयंसेवक_पुसद

सोमवारी नक्कल आणि तक्ता घेऊन बसतो. लग्न पुढच्या महिन्यात आहे, त्याआधीच खातं आणि पुरसिस करून घेतो.

---

नाझर_वाशीम

पुरसिसवर आईची सही लग्नाआधीच्या नावानं, हुकुमात आहे तशीच घ्या. आणि सोबत तिच्या आधारची जुन्या नावाची झेरॉक्स लावा.